परतीचे कथन : १९४८ चे निर्वासित आणि मराठवाड्याचे लेखन

१

हैद्राबाद मुक्तिसंग्रामाविषयीचे मराठी लेखन विपुल आहे. आठवणी, चरित्रे, गौरवग्रंथ, जिल्हावार इतिहास असे त्याचे अनेक प्रकार असून २०२२-२३ या अमृतमहोत्सवी वर्षात त्यात आणखी भर पडली. या लेखनात ‘निर्वासित’ हा शब्द वारंवार भेटतो. परंतु तो कोणाविषयी वापरला जातो आणि मजकुरातून नेमका केव्हा नाहीसा होतो, इकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. ऑगस्ट १९४७ नंतर रझाकारांच्या जाचामुळे घरदार सोडून सोलापूर, बार्शी, अहमदनगर, मनमाड, उमरखेड अशा सरहद्दीपलीकडील गावी गेलेली हिंदू कुटुंबे म्हणजे निर्वासित, असा त्याचा रूढ अर्थ आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली, आणि या लेखनापुरता तो शब्दही तेथेच निकालात निघाला.

प्रत्यक्षात त्या वर्षा-दीड वर्षात विस्थापनाचे तीन प्रवाह वाहत होते. पहिला वर सांगितलेला. दुसरा प्रवाह वऱ्हाड, मध्य प्रांत आणि इतर भागांतून संस्थानात आश्रयाला आलेल्या मुसलमान कुटुंबांचा. तिसरा सप्टेंबर १९४८ नंतरचा : खेड्यांतून जीव घेऊन तालुक्याच्या गावाकडे, हैद्राबाद शहराकडे आणि काही प्रमाणात पाकिस्तानकडे निघालेल्या मुसलमानांचा. पहिल्या प्रवाहातील माणसे परतू लागली त्याच आठवड्यांत तिसऱ्या प्रवाहातील माणसे बाहेर पडत होती, आणि दुसऱ्या प्रवाहातील माणसांना आलेल्या वाटेने माघारी जाणे भाग पडत होते. घर, शेत, गुरे, भांडीकुंडी, कूळवहिवाट आणि उधारी यांच्या हिशेबात हे तिघे एकमेकांसमोर उभे ठाकणे अटळ होते. युद्धोत्तर काळातील खरा ताण येथे आहे. मराठवाड्याच्या लेखनाने या ताणाला वाङ्मयीन रूप दिले नाही. आणि त्याचे कारण लेखकांच्या संवेदनशीलतेच्या उणिवेपेक्षा त्यांनी स्वीकारलेल्या कथनरूपात अधिक आहे, असे दिसते.

हे कथनरूप ‘संग्रामकथन’ म्हणता येईल. त्याचा निवेदक लढवय्या असतो, त्याचा प्रश्न ‘आपण जिंकलो का?’ हा असतो, आणि विजयाच्या दिवशी ते स्वाभाविकपणे पूर्ण होते. निर्वासिताचा प्रश्न निराळा असतो : ‘माझ्या घरात आता कोण राहते?’ हा प्रश्न विजयाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. त्याला लागणारे रूप ‘परतीच्या कथना’चे आहे. पहिल्या रूपाने दुसऱ्याची जागा व्यापली की काय होते, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२

या विचारासाठी अंबाजोगाईइतके अर्थपूर्ण ठिकाण शोधून सापडणे कठीण. मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने हे मुकुंदराज आणि दासोपंत यांचे गाव. निजामी दप्तरात त्याचे नाव मोमिनाबाद होते. इंग्रजी अमदानीत येथे हैद्राबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून येथे आले आणि योगेश्वरी विद्यालयात त्यांनी मुख्याध्यापकपद सांभाळले. १९३८ च्या सत्याग्रहाकडे ते येथूनच वळले. मराठवाड्यातील संग्रामकथनाचा एक मुख्य झरा अशा रीतीने शाळेच्या या आवारातून निघतो. शिक्षक, विद्यार्थी आणि वकील हे या कथनाचे निवेदक होत, आणि त्याची नैतिक उंची व त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी या सुशिक्षित कार्यकर्त्याच्या दृष्टिकोनातून येतात.

गावाचे भौगोलिक स्थानही लक्षात घ्यावे लागते. १९४८ साली लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते व उदगीर बीदर जिल्ह्यात. (या लेखात जिल्ह्यांची व शहरांची त्या काळची नावे ठेवली आहेत.) रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूरहून बार्शीकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे संस्थानाची हद्द ओलांडून मुंबई प्रांतात शिरत असे. म्हणजे जाच करणाऱ्या संघटनेचे मूळ, सुटकेची वाट आणि प्रतिकाराचा विचार या तिन्ही गोष्टी अंबाजोगाईपासून फार दूर नव्हत्या. युद्धानंतर ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली, त्यांतील उस्मानाबाद व बीदर हे दोन याच पट्ट्यातले.

एकाच गावाची दोन नावे ही येथे केवळ प्रशासकीय बाब राहत नाही. ‘मोमिनाबाद’ या नावाखाली झालेला जन्म, खरेदीखत वा नोकरीची नोंद ज्याच्याजवळ होती आणि ‘अंबाजोगाई’ या नावाने जो देवीला नवस बोलत होता, ती दोन्ही माणसे मराठीच बोलत होती. मराठी साहित्याला यांपैकी दुसरा माणूस ऐकू आला. पहिला फारसा आला नाही.

३

शब्दांपासून सुरुवात करणे सोयीचे होईल. घर सुटलेल्या माणसाला भारतीय भाषांनी दिलेली नावे भिन्न आहेत. हिंदीतील ‘शरणार्थी’ या शब्दात आश्रय मागण्याची क्रिया आहे. उर्दूतील ‘मुहाजिर’ या शब्दाला हिजरतीची, श्रद्धेसाठी केलेल्या प्रयाणाची प्रतिष्ठा आहे. ‘पनाहगुझीन’ या शब्दात आश्रय मिळाल्याची नोंद आहे. मराठीतील ‘निर्वासित’ हा शब्द फक्त घालवून दिले जाणे सांगतो. कोणी आश्रय दिला, परत जाता आले की नाही, यांविषयी तो मौन बाळगतो. त्यामुळे या शब्दाबरोबर घालवून देणाऱ्याची प्रतिमा आपोआप येते, आणि ती प्रतिमा एकदा निश्चित झाली की त्याच प्रतिमेच्या समाजातील माणसाला पुढे ‘निर्वासित’ म्हणणे भाषेलाच जड जाते.

‘रझाकार’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट आहे. मूळ अर्थाने रझाकार म्हणजे स्वेच्छेने काम करणारा, स्वयंसेवक. मराठवाड्यात या शब्दाला जो अर्थ चिकटला तो अनुभवाने चिकटला. गोर्ट्यासारख्या गावांवर १९४८ मध्ये जे कोसळले त्यानंतर तो वेगळा राहणे शक्य नव्हते. तथापि सआदत हसन मंटो यांच्या ‘खोल दो’ या कथेत हाच शब्द निर्वासितांच्या छावणीत भेटतो. अमृतसरहून लाहोरच्या बाजूला पोहोचलेला एक वृद्ध बाप हरवलेल्या मुलीचा शोध घेत आहे, आणि त्याला मदतीचे आश्वासन देणारे तरुण हे छावणीतले रझाकार आहेत, त्याच्याच धर्माचे, त्याच्याच बाजूचे. मुलीचा घात त्यांच्याकडूनच होतो.

फाळणीच्या दंगलीची कथा लिहिताना मंटोंनी परधर्मीय शत्रूला कथेच्या मध्यभागी आणलेच नाही. निर्वासित आणि त्याचा तारणहार यांच्यातील नात्याकडे त्यांनी बोट दाखविले. ज्याला तुमच्या दुःखाने अधिकार मिळाला आहे तोच तुमच्यावर सर्वाधिक सत्ता गाजवू शकतो, हे या कथेचे आशयसूत्र आहे. मराठीतील संग्रामकथन छावणीचे चित्र काढते तेव्हा नेमका हा प्रश्न विचारला जात नाही.

४

सरहद्दीवरील छावण्या दुहेरी स्वरूपाच्या होत्या. त्यांत आश्रयाला आलेली कुटुंबे होती आणि सशस्त्र प्रतिकारासाठी जमलेले तरुणही होते. संग्रामकथनात या दोहोंमधील अंतर पुसले जाते : निर्वासित हा लढ्याचे कारण ठरतो आणि लढवय्या हा निर्वासिताचा आवाज. परंतु दोघांचे हितसंबंध एकच होते असे गृहीत धरता येत नाही. लढवय्याच्या दृष्टीने सरहद्द ओलांडून केलेला हल्ला हा प्रतिकार होता. ज्याचे म्हातारे आईबाप वा कुळे अद्याप संस्थानातल्या गावातच होती, त्याच्या दृष्टीने त्या हल्ल्याला मिळणारे प्रत्युत्तर हीदेखील एक भीती होती. मराठी आठवणींत ही भीती क्वचित एखाद्या वाक्यात डोकावते आणि लगेच धैर्याच्या वर्णनात मिसळून जाते.

याच छावण्यांचे दुसरे वर्णन उपलब्ध आहे. १९४८ मध्ये उस्मानाबादचे जिल्हाधिकारी असलेले मोहम्मद हैदर यांच्या इंग्रजी आठवणी २०१२ साली प्रसिद्ध झाल्या. तेथे सरहद्दीपलीकडील छावणी हे हल्ल्यांचे ठाणे म्हणून दिसते. बार्शीकडून पाहिलेली छावणी आणि उस्मानाबादकडून पाहिलेली छावणी एकच आहे. दोन्ही वर्णने आपापल्या जागी खरी असू शकतात. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या १९६७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आठवणी, अनंत भालेराव यांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आणि हे सरकारी अधिकाऱ्याचे निवेदन एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. कार्यकर्ता असो वा अधिकारी, प्रत्येकाजवळ एक बाजू आहे आणि त्या बाजूची जबाबदारी आहे. छावणीत भाकरी थापणाऱ्या बाईजवळ अशी बाजू नाही, म्हणून तिच्याजवळ ग्रंथही नाही.

बाजूंची ही विभागणी जातिव्यवस्थेपाशी येऊन अधिक अपुरी ठरते. संस्थानातील दलितांचे काही पुढारी, विशेषतः बी. श्यामसुंदर, निजामाच्या पक्षाला होते, डॉ. आंबेडकरांनी मात्र संस्थानातील अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नये असे बजावले होते. गावकुसाबाहेरच्या माणसावर त्यामुळे दोन्हीकडून संशय आला. शिवाय निर्वासित होण्यासाठीही काही साधन लागते : सरहद्दीपलीकडे नातेवाईकाचे घर, गाडीभाड्यापुरता पैसा, परतल्यावर हक्क सांगता येईल असे शेत. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते त्याने गाव सोडले तरी त्याची नोंद ‘निर्वासित’ म्हणून होणे अवघड होते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर या गावचे एक घर आहे. त्या घरात दलित आजी आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान ‘दादा’ यांनी निवेदकाला वाढविले. हे आत्मकथन पुढच्या काळाचे असले, तरी सोलापूरच्या सीमाभागातील हे घर संग्रामकथनापुढे एक पेच उभा करते. असे घर १९४८ मध्ये कोणत्या छावणीत गेले असते? या प्रश्नाला संग्रामकथनाच्या परिभाषेत उत्तर नाही. दलित आत्मकथनाला मात्र तो प्रश्न न विचारताही दिसतो, कारण त्याचा निवेदक बाजूच्या आधारे उभा नाही.

५

पोलीस कारवाईनंतर काय घडले याची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठविले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत प्रवास केला, आणि प्रत्यक्ष न पाहिलेल्या १०९ खेड्यांतील ५०० हून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. मृतांची संख्या किमान २७ हजार ते ४० हजार असावी, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पोळलेले. त्यांच्यानंतर औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक. सरकारने हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. त्यातील आकडे हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, आणि त्यांविषयी मतभेद राहिले. २०१३ च्या सुमारास अहवाल सर्वांना पाहता येऊ लागला, तोपर्यंत ते दिवस पाहिलेली पिढी जवळपास संपली होती.

साहित्याच्या अभ्यासकाला या अहवालातील आकड्यांपेक्षा एक तपशील अधिक विचारात पाडतो. एकाच व्यवसायातील माणसांत परस्परांविषयीची आस्था विशेष दिसली, असे अहवाल सांगतो : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना, प्रसंगी जीव गमावून, वाचविले. माग शेजारी शेजारी असणे हे येथे धर्मापेक्षा बलवत्तर ठरले. कादंबरीला लागणारी सामग्री ती हीच. कोणी कोणाला मारले याचे उत्तर बाजू सांगून देता येते. कोणी कोणाला का वाचविले, आणि वाचविलेला माणूस पुढे त्याच गावात कोणत्या नजरेने राहिला, याचे उत्तर देण्यासाठी पात्रे, घरे आणि वर्षे लागतात.

अन्य भाषांतील फाळणीसाहित्याने हे ओळखले होते. यशपाल यांच्या ‘झूठा सच’चा पहिला खंड ‘वतन और देश’ १९५८ मध्ये आला आणि दुसरा, ‘देश का भविष्य’, १९६० मध्ये. घर सुटणे एका खंडात मावले. नव्या ठिकाणी बसणे, जुन्या प्रतिष्ठेची नव्या बाजारात किंमत ठरणे, निर्वासितांमधील आपापसांतले व्यवहार यांसाठी स्वतंत्र खंड आवश्यक वाटला. राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘लाजवंती’ या कथेत पळविली गेलेली पत्नी परत येते. अशा स्त्रियांना मनात जागा द्या असे गावभर सांगणारा नवरा तिला देवीसारखे वागवितो आणि तिचे काहीच ऐकून घेत नाही. ती घरी येते, पण परतत नाही. परतीच्या कथनाचे मर्म बेदींनी येथे पकडले आहे : घराची जागा तीच असते, घरातील नाते बदललेले असते.

६

मराठीला हे रूप अपरिचित होते असे म्हणता येत नाही. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ (१९६४) ही कादंबरी त्याच १९४८ सालाची आहे. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्या दिवसांत पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुण मित्रांचा प्रवास तीत आहे. आपले घर शिल्लक आहे की नाही हे ठाऊक नसताना घराकडे चालत राहणे, हा या कादंबरीचा आकृतिबंध. तेथे विजय नाही, बाजू जिंकण्याचा प्रश्न नाही. निर्वासिताची नजर आहे. पुढे १९८३ साली अंबाजोगाईस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष माडगूळकरच होते. १९४८ चे परतीचे कथन लिहिणारा लेखक ज्या गावी अध्यक्षपदावर बसला, त्या गावच्या पट्ट्यात त्याच वर्षी सुटलेल्या घरांना मात्र तसे कथन लाभले नव्हते.

हा योगायोग एवढ्यासाठीच नोंदवायचा की तो कारणाकडे नेतो. ‘वावटळ’ लिहिली गेली, कारण विस्थापित झालेल्या समूहाजवळ लेखक, प्रकाशक आणि वाचक होते. मराठवाड्यातील हिंदू निर्वासितांजवळही ते होते, पण त्यांची लेखणी संग्रामकथनाने आधीच बांधून घेतली होती. खेड्यातील मुसलमानाजवळ यांपैकी काहीही नव्हते. हैद्राबादच्या अस्तावरील उर्दू लेखन, जीलानी बानो यांच्या ‘ऐवाने-गझल’सारख्या कादंबरीसह, मुख्यतः शहरातील हवेलीकडे पाहते. बीड-उस्मानाबादकडचा विणकर, तांबोळी, शिपाई वा कोरडवाहू शेतकरी मुसलमान त्या हवेलीत राहत नव्हता, आणि मराठी कथनात तो केवळ गर्दीचा भाग होता. दोन साहित्यांच्या शिवेवर तो उभा राहिला, आणि दोन्हींनी त्याला दुसऱ्याच्या हद्दीतला मानले.

अपवाद आहेत. सरहद्दीजवळच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर यांनी ‘गांधारी’ या कादंबरीत त्या काळच्या खेड्याला विषय केले. नरहर कुरुंदकर यांच्या ग्रंथाच्या ‘हैद्राबाद : विमोचन आणि विसर्जन’ या शीर्षकातच दोन क्रिया आहेत; मुक्त होणे आणि विसर्जित होणे ही एकाच घटनेची दोन अंगे म्हणून पाहण्याची शक्यता त्यात आहे, जरी तेथील विवेचन राज्यव्यवहाराचे असले. १९९० साली सोलापुरात, म्हणजे एके काळच्या छावण्यांच्या शहरात, फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी ही आपली भाषा आहे हे सांगण्यासाठी ज्यांना स्वतंत्र व्यासपीठ लागले, त्यांच्या घरातील १९४८ ची हकीकत मराठीत यायला उशीर व्हावा, हे समजण्यासारखे आहे.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. निर्वासित या शब्दाचा विस्तार केल्याने रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचे वजन कमी होत नाही काय? दुःखांची बेरीज-वजाबाकी मांडली, तर तसे होईल. साहित्य ती मांडत नाही. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैद्राबादेत हत्या झाली, ती ते रझाकारांविरुद्ध लिहीत होते म्हणून. त्यांना संग्रामकथन आदराने सामावून घेते, कारण त्यांनी बाजू निवडली होती. ज्याने कोणतीच बाजू निवडली नाही आणि तरीही ज्याचे घर गेले, त्याला सामावून घेण्याची सोय त्या रूपात नाही. अशी सोय करण्याने जाच करणारे निर्दोष ठरत नाहीत. फक्त जाच करणारा आणि त्याच्या धर्माचा शेजारी यांतील फरक भाषेत परत येतो. रझाकारांच्या राजवटीने नेमका हाच फरक पुसण्याचा उद्योग केला होता. तो पुसलेलाच राहू देणे म्हणजे संग्रामाच्या मूळ हेतूशी प्रतारणा होय. हैद्राबाद स्टेट काँग्रेसचा लढा एका राजवटीविरुद्ध होता, एका समाजाविरुद्ध नव्हता, असे त्याचे नेते सांगत आले.

दुसरा आक्षेप असा की जे लिहिलेच गेले नाही त्याची समीक्षा कशी करणार? परंतु उपलब्ध लेखन वेगळ्या रीतीने वाचणे हे समीक्षेच्या अखत्यारीतले आहे. संग्रामाच्या आठवणींत १७ सप्टेंबरनंतरची पाने पाहावीत. तेथे विलीनीकरण येते, पक्षांतर्गत गट येतात, भाषावार प्रांतरचना येते. निर्वासित येत नाही. तो कोणत्या वाक्यानंतर दिसेनासा झाला, त्याच्या घराचे कुलूप कोणी उघडले, त्याच्या अनुपस्थितीत शेत कोणी पेरले होते आणि तो परतल्यावर पेरणारा कोठे गेला, हे प्रश्न त्या पानांना विचारता येतात. बी. रघुनाथ यांनी १९४६ सालच्या आपल्या एका कादंबरीला ‘म्हणे लढाई संपली’ हे नाव दिले. संदर्भ निराळा, पण त्यातील ‘म्हणे’ हा शब्द लढाई संपल्याच्या बातमीकडे संशयाने पाहतो. परभणीच्या या लेखकाने दोन वर्षे आधीच वापरलेला तो शब्द १९४८ च्या लेखनाला सापडला असता, तर मराठवाड्याची कादंबरी १८ सप्टेंबरच्या सकाळी सुरू झाली असती.